जपानी ड्रिफ्ट गाड्यांच्या मागे लोकलच्या हँडलसारखी कडी का लटकवतात? नुसती शोभा की काही अर्थ असतो?

तुम्ही पाहिलेल्या व्हिडिओत निस्सान सिल्वियाच्या मागच्या बंपरखाली गुलाबी, पत्त्यातल्या बदामाच्या आकाराची कडी होती. ती ड्रिफ्ट करायला, म्हणजे वळणावर मागची चाकं मुद्दाम घसरवत गाडी आडवी न्यायला, मदत करते का, आणि आपल्या स्विफ्टला लावली तर चालेल का, असे तुमचे दोन प्रश्न आहेत. शिवाय पानाच्या एका स्टिकरचंही विचारलंय. मदत अजिबात करत नाही. स्विफ्टचं शेवटी सांगतो, कारण आधी त्या कडीचा अर्थ कळायला हवा. मी योकोहामाजवळ गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात सहा वर्षं नोकरी केली आणि शनिवारच्या कित्येक रात्री डायकोकूच्या पार्किंगमध्ये, म्हणजे तिथल्या एक्स्प्रेसवेवरच्या गाडीशौकिनांच्या थांब्यावर, अशा गाड्यांखाली वाकून बघण्यात घालवल्या. विषय जिव्हाळ्याचा आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

कडीचं नाव त्सुरिकावा. 'त्सुरि' म्हणजे लटकणारं आणि 'कावा' म्हणजे चामडं. लोकलमध्ये उभ्याने प्रवास करताना आपण डोक्यावरचं जे हँडल धरतो तेच हे. 1970च्या दशकात जपानमध्ये बोसोझोकू म्हणून ओळखल्या जाणाऱ्या पोरांच्या टोळ्या होत्या. रात्री मोटारसायकली आणि गाड्या घेऊन घोळक्याने निघायचं, फाडलेल्या सायलेन्सरने अख्खं गाव जागं करायचं, सिग्नल जुमानायचा नाही. 1978 मध्ये कायदा बदलून अशा सामूहिक बेफाम चालवण्यालाच गुन्हा ठरवलं, तरीही 1982 साली पोलिसांच्या मोजणीत ही पोरं 42 हजारांच्या वर होती. रेल्वेच्या डब्यातली कडी उचकटून आणायची आणि गाडीच्या मागे टांगायची, ही त्यांच्यातली मर्दुमकी असं तिथले जुने लोक सांगतात. ज्या देशात डब्यात कुणी मोठ्याने बोलतसुद्धा नाही, तिथे रेल्वेची वस्तू चोरून पोलिसांसमोर मिरवायची, म्हणजे ते आव्हानच होतं.

मग तिला दुसरा अर्थ चिकटला. ही पोरं गाड्या इतक्या खाली करायची की पोट रस्त्याला टेकेल. त्याला शाकोतान म्हणतात. मागच्या टोइंग हुकाला बांधलेली कडी रस्त्याला घासत चालली की मागून येणाऱ्याला गाडी किती खाली आहे ते मोजपट्टीशिवाय कळायचं. डायकोकूला मी एक जुनी टोयोटा पाहिली होती, तिच्या कडीची खालची बाजू घासून घासून सपाट झाली होती. मालकाला नवी देतो म्हटलं असतं तर त्याने मला हाकलून दिलं असतं. आज या कड्या ॲक्सेसरीच्या दुकानात पाकिटात मिळतात: गोल, षटकोनी, चांदणी, बदाम, हव्या त्या रंगात. कुणाला चोरायची गरज उरलेली नाही, आणि ते बरंच झालं.

इथे एक फरक सांगायला हवा, कारण भारतात बहुतेक जण सगळ्यांना एकाच टोपलीत टाकतात. बोसोझोकू वेगळे आणि हाशिरिया वेगळे. बोसोझोकूंना लोकांनी बघावं असं वाटायचं, म्हणून ते हळू आणि आवाज करत जायचे. हाशिरिया म्हणजे रात्री घाटात जाऊन गाडी हाकणारे. त्यांना वळण नीट घेता यावं असं वाटायचं आणि बघणारं कुणी नसलं तर उत्तमच. ड्रिफ्टिंग या दुसऱ्या लोकांतून आलं. 'ड्रिफ्ट किंग' म्हणून ओळखला जाणारा केइची त्सुचिया घाटातच तयार झाला आणि त्याच्या टोयोटा एई86 मुळे एक साधी, हलकी, मागच्या चाकांवर चालणारी गाडी दंतकथा बनली. पुढे 2001 पासून डी1 ग्रां प्री ही अधिकृत मालिका नियमित सुरू झाली. कडी मात्र बोसोझोकूंची, आणि ड्रिफ्टवाल्यांनी ती हौसेने उचलली. व्हिडिओत तुम्हाला जे दिसतं ती या दोन परंपरांची सरमिसळ आहे.

या गाड्यांवरची बरीचशी सजावट आधी कामाची वस्तू होती. एकदा हे लक्षात आलं की सगळं वाचता येऊ लागतं. फुजी स्पीडवे या शर्यतीच्या ट्रॅकवर 1971 ते 1989 या काळात ग्रँड चॅम्पियन नावाची शर्यतमालिका व्हायची. तिच्या गाड्यांना रुंद मडगार्ड आणि पुढे जिभेसारखा बाहेर आलेला स्पॉयलर असायचा. शर्यत बघायला येणाऱ्या पोरांनी आपल्या घरच्या सेडानला तेच सगळं लावलं आणि मग दरवर्षी प्रत्येक गोष्ट थोडी थोडी वाढवत नेली. पुढच्या स्पॉयलरला ते 'देप्पा' म्हणायचे, म्हणजे पुढे आलेले दात. आभाळाकडे तोंड करून उभ्या सायलेन्सरला 'ताकेयारी', म्हणजे बांबूचा भाला. मला सगळ्यात आवडतो तो बंपरच्या बाहेर बसवलेला ऑइल कूलर. शर्यतीच्या गाडीत तो तेल थंड ठेवायला असतो. इथे दोन रंगीत नळ्या बंपरच्या भोकातून बाहेर येऊन कूलरला जाऊन मिळतात, सगळ्यांना दिसाव्यात म्हणून.

ड्रिफ्टच्या गाड्यांत हेच आणखी ठळक दिसतं. फुकुशिमा प्रांतात निहोनमात्सूच्या डोंगरात एबिसू सर्किट आहे. तिथे 'मात्सुरि' म्हणजे जत्रा भरते आणि लोक दिवसरात्र ड्रिफ्ट करतात. कारखान्यातला माझा एक सहकारी आपली एस13, म्हणजे सिल्वियाचं जुनं मॉडेल, घेऊन तिथे जायचा. एकदा मीही गेलो आणि दिवसभर त्याचे टायर बदलून दिले. दुपारी दुसऱ्या गाडीला चाटून त्याचा बंपर फाटला. फायबरचा बंपर, त्यामुळे सरळ चीर गेली. त्याने ड्रिल काढलं, चिरेच्या दोन्ही बाजूंना भोकं पाडली आणि केबल टाय ओवून गोधडीसारखे टाके घातले. पंधरा मिनिटांत गाडी परत ट्रॅकवर. हे टाके आता इतके प्रिय झालेत की न फुटलेल्या बंपरवरही लोक रंगीत टाय ओवतात. मला ते पटत नाही. जखम नसताना पट्टी बांधल्यासारखं वाटतं. ज्याच्या बंपरवर खरे टाके आहेत तो पोरगा चिरेवर बोट ठेवून कुठल्या वळणावर काय झालं ते सांगतो. ती गोष्ट दुकानातून आणता येत नाही.

बंपरमधून बाहेर येणारा लाल कापडी पट्टाही असाच. ट्रॅकवर गाडी मातीत रुतली की ओढून काढणाऱ्याला हुक शोधत बसायला लागू नये म्हणून तो असतो. खरा पट्टा चेसिसला घट्ट बोल्ट केलेला असतो. शोभेचा नुसत्या बंपरला अडकवलेला असतो आणि ओढला तर बंपरच हातात येतो. गाडी घेताना एवढं जरूर तपासा.

हँडब्रेकचं बटणही बघा. साध्या गाडीत हँडब्रेक ओढला की तो अडकून राहतो आणि बटण दाबल्यावर सुटतो. ड्रिफ्टवाले 'स्पिन टर्न नॉब' लावतात, त्यात उलटं असतं: ओढून सोडला की आपोआप खाली येतो आणि अडकवायचा असेल तरच बटण दाबायचं. मागची चाकं क्षणभरच लॉक करायची असतात, म्हणून ही युक्ती. गुलाबी किंवा सोनेरी रंगाचा तो छोटा तुकडा दिसायला दागिना, पण अख्ख्या केबिनमध्ये सर्वात जास्त काम करणारा.

आता गिअरच्या दांड्याकडे येऊ. पारदर्शक ॲक्रिलिकचा लांबलचक नॉब, आत पाण्यात उमललंय असं वाटणारं कृत्रिम फूल. त्याला 'सुइचुका' म्हणतात, शब्दशः पाण्यातलं फूल. हे आलं देकोतोरामधून, म्हणजे जपानी ट्रकवाल्यांच्या सजवलेल्या ट्रकमधून. 1975 ते 1979 या काळात ट्रकचालकांवर दहा चित्रपटांची एक मालिका आली आणि त्या सजावटीचं वेड देशभर पसरलं: शेकडो दिवे, केबिनमध्ये झुंबर, मखमलीसारख्या 'किंकाझान' कापडाची गादी. लांब नॉबने हात स्टिअरिंगच्या जवळ राहतो, म्हणून ड्रिफ्टला बरं, असं बरेच जण सांगतात. त्यात अर्धं तथ्य आहे. दांड्याची लांबी दुप्पट केली तर जोर निम्मा लागतो, पण हाताला अंतरही दुप्पट कापावं लागतं. थोडी वाढ ठीक. हातभर लांबीचा नॉब फक्त बघायला सुंदर, आणि मला तो खरंच सुंदर वाटतो. रात्री डायकोकूच्या दिव्यांत आतले बुडबुडे चमकतात तेव्हा नजर हलत नाही.

पुढच्या काचेच्या वरच्या कडेला टीमच्या नावाची जी पट्टी असते तिला ते 'हाचिमाकी' म्हणतात. हाचिमाकी म्हणजे कष्टाचं काम करताना किंवा परीक्षेला बसताना कपाळाला बांधायची पट्टी. गाडीने कपाळाला फडकं बांधलंय, अशी ती कल्पना. तिथल्या दर दोन वर्षांच्या सक्तीच्या तपासणीत, ज्याला शाकेन म्हणतात, पुढच्या काचेवरची अशी पट्टी चालत नाही.

ओसाकाची कान्जो मंडळी, म्हणजे शहरातल्या वर्तुळमार्गावर रात्री गाड्या पळवणारे, मात्र मला कधीच रुचली नाहीत. हान्शिन एक्स्प्रेसवेचा 10.3 किलोमीटरचा एकेरी वर्तुळमार्ग, त्यावर रात्री हलक्या केलेल्या होंडा सिव्हिक. खिडकीला शर्यतीच्या गाडीसारखी जाळी असते, आणि ती चेहरा झाकायलाही उपयोगी पडते. दिसायला ऐट भारी, पण त्याच रस्त्यावरून रात्रपाळी संपवून घरी जाणारा माणूसही असतो.

मन हेलावतं ते देवाच्या वस्तूंनी. जवळजवळ प्रत्येक गाडीत ओमामोरी असते, म्हणजे देवळातून आणलेली रेशमी पिशवीतली ताईतासारखी वस्तू. ती उघडायची नाही, वर्षाने देवळात परत द्यायची आणि नवी घ्यायची. कावासाकी दाइशीच्या देवळात तर खास गाड्यांसाठी वेगळी प्रार्थनाशाळा आहे. नवी गाडी तिथे नेऊन पुजाऱ्याकडून प्रार्थना करून घेतात. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घालणाऱ्या माझ्यासारख्याला तिथे एका शब्दाचीही फोड करून सांगावी लागली नाही. शिवाय बेडूक असतात. जपानीत 'काएरु' म्हणजे बेडूक आणि 'काएरु' म्हणजेच परत येणं. त्यामुळे डॅशबोर्डवरचा हिरवा बेडूक म्हणजे 'सुखरूप घरी ये'. माझ्या सहकाऱ्याच्या एस13 मध्ये मागची सीट नव्हती, एसी नव्हता, गालिचा नव्हता. वजन कमी करायला सगळं काढलेलं. आईने दिलेला बेडूक तेवढा जागेवर होता.

तुम्ही हिरव्या-पिवळ्या पानाच्या स्टिकरचंही विचारलंय. तो वाकाबा, म्हणजे कोवळं पान. 1972 पासून जपानमध्ये परवाना मिळाल्यावर पहिलं वर्षभर तो गाडीला पुढे-मागे लावावा लागतो. आपल्याकडच्या लाल 'एल'चा तो भाऊबंद आहे. ज्येष्ठ चालकांसाठी 1997 मध्ये पानगळीच्या रंगांचं चिन्ह आलं आणि 2011 मध्ये ते बदलून चार पानांचं केलं. वाकाबा जपानबाहेर जपानी गाड्यांच्या प्रेमाची खूण झाली आहे. लावा, काही बिघडत नाही, फक्त त्याचा अर्थ 'मी नवखा चालक आहे' असा आहे हे माहीत असू द्या.

आता तुमची स्विफ्ट. जपानमध्ये तपासणीत पास व्हायला गाडीचं पोट जमिनीपासून किमान 9 सेंटीमीटर वर लागतं, आणि शौकीन मंडळी त्या आकड्याला खेटून राहतात. स्विफ्ट जवळपास 16 सेंटीमीटर वर असते. तिच्यावर कडी अधांतरी डोलत राहील. जे दाखवायला ती असते ते दाखवणारच नाही. कडीसाठी गाडी खाली करायचा विचार मात्र करू नका. आपले स्पीडब्रेकर तुम्हाला माहीत आहेतच, आणि मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मूळ रचनेत असे बदल करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सुप्रीम कोर्टानेही त्याचा अर्थ कडकच लावला.

दुसरी भीती जास्त खरी आहे. मी तिकडे माझ्या छोट्या गाडीला एक पिवळी कडी लावली होती. एका संध्याकाळी दुकानाच्या पार्किंगमध्ये रिव्हर्स घेताना ती चाकं अडवायच्या सिमेंटच्या ठोकळ्यात अडकली. पुढे निघालो तेव्हा हुकाचं झाकण आणि बंपरचा कोपरा तिथेच राहिला. रस्त्यावर सुटून मागच्या स्कूटरवाल्याच्या चाकात गेली असती तर काय झालं असतं, या विचाराने त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे तर बंपरच्या हातभर मागे नेहमी कुणीतरी दुचाकीवर असतंच.

त्यामुळे लावायचीच असेल तर माझा सहकारी करायचा तसं करा. त्याची कडी हुकाला नुसत्या कॅराबिनरने, म्हणजे गिर्यारोहक वापरतात तशा उघडमिट होणाऱ्या कडीने, अडकवलेली असायची. डायकोकूला पोचला की अडकवायचा, लोक फोटो काढायचे, गप्पा व्हायच्या. परत निघताना इंजिन चालू करायच्या आधी खाली उतरून ती काढायचा आणि डिकीत, हेल्मेटच्या पिशवीत ठेवायचा. एबिसूलाही ट्रॅकवर उतरण्यापूर्वी तो पहिल्यांदा तेच काढायचा.