वाचकांचे प्रश्न : फवारणीच्या विमानाची घडण

प्रश्न : पिकांवर फवारणी करणाऱ्या विमानाच्या छायाचित्रात वैमानिक नाकापासून बराच मागे आणि उंचावर बसलेला दिसला. अशी विचित्र बैठक मुद्दाम ठेवतात का?

उत्तर : होय, मुद्दाम ठेवतात. ती रूढ होण्यापूर्वी या कामात अनेक वैमानिकांचे प्राण गेले. विमानातून धुरळणीचा पहिला गाजलेला प्रयोग ३ ऑगस्ट १९२१ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात झाला. लेफ्टनंट जॉन मॅक्रेडी यांनी कर्टिस जेनी हे लष्करी विमान कटाल्पा वृक्षांच्या राईवरून नेले आणि पाने खाणाऱ्या अळ्यांवर लेड आर्सेनेटची भुकटी सोडली. भुकटीची पेटी एटिएन डॉर्मॉय यांनी विमानाच्या बाजूला बसवली होती आणि ती हाताने दांडा फिरवून रिकामी करावी लागे. पुढे याच कामासाठी हफ-डॅलंडसारखी खास विमाने बनली. तरीही दुसऱ्या महायुद्धानंतर स्वस्तात विकली गेलेली स्टिअरमन ही प्रशिक्षण विमानेच सर्वाधिक वापरात आली. त्यांची पुढची बैठक काढून तिथे टाकी बसवीत आणि वैमानिक मागच्या बैठकीवरून, नाकाच्या आणि एकावर एक असलेल्या दुहेरी पंखांच्या आडून, जमिनीपासून जेमतेम तीन-चार मीटर उंचीवर विमान हाकत असे. समोरची विजेची तार दिसेपर्यंत बहुधा उशीर झालेला असे.

विमान-अभियंते फ्रेड विक यांनी अमेरिकेतील टेक्सासमध्ये एजी-१ हे विमान आखताना अपघात होणारच, असे गृहीत धरले. १९५० मध्ये उडालेल्या या विमानात नाक उतरते ठेवून वैमानिकाला उंच बसवले होते, त्यामुळे त्याला पुढचे पीक आणि झाडांची रांग स्पष्ट दिसत असे. इंजिन आणि टाकी ही दोन्ही त्याच्या पुढे असल्यामुळे धडकेत आधी तो भाग चेपत जातो आणि धक्का वैमानिकापर्यंत पोचताना सौम्य झालेला असतो. टाकी पाठीमागे असती, तर विमान आदळताक्षणी कित्येकशे किलोंचे द्रावण त्याच्याच अंगावर आले असते. या कामातूनच पुढे पायपर पॉनी हे विमान आले आणि त्याची मांडणी जवळजवळ सर्वांनी उचलली. हिंदुस्तान एरोनॉटिक्सच्या बसंत या फवारणी विमानाचे उदाहरण बोलके आहे. त्याच्या पहिल्या नमुन्यात वैमानिकाची केबिन पंखाच्या पुढच्या कडेवर होती. १९७२ मध्ये उडालेल्या दुसऱ्या नमुन्यात मात्र आराखडा बदलून उंच केबिन स्वीकारण्यात आली.

टाकीची जागा ठरण्यामागे समतोलाचाही हिशेब असतो. भरलेल्या टाकीचे वजन विमानाच्या एकूण वजनाचा मोठा हिस्सा असते आणि तो काही मिनिटांत संपतो. म्हणून टाकी विमानाच्या गुरुत्वमध्याजवळच, म्हणजे ज्या बिंदूवर त्याचे वजन तोलले जाते तिथेच, ठेवतात, म्हणजे ती भरलेली असो वा रिकामी, विमानाचा तोल फारसा ढळत नाही. संकटात संपूर्ण भार काही सेकंदांत खाली सोडता यावा म्हणून तळाला मोठी झडप असते. ती उघडताच हलके झालेले विमान एकदम वर उसळते आणि वैमानिकाला विमानाचे नाक खाली दाबून धरावे लागते.

प्रश्न : फवारणीची नळी पंखाच्या टोकापर्यंत नेली, तर एका फेरीत जास्त क्षेत्र होणार नाही का?

उत्तर : कागदावर होईल, शेतात नाही. पंखाखालची जास्त दाबाची हवा टोकाशी वळसा घालून वरच्या बाजूला जाते आणि मागे जोरदार भोवरे तयार होतात. टोकाजवळचे थेंब या भोवऱ्यांत सापडले, की वर उचलले जातात आणि शेजारच्या शेतात जाऊन पडतात. म्हणून नळी पंखाच्या एकूण लांबीच्या सुमारे दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश इतकीच ठेवतात. थेंबांचा आकारही तितकाच महत्त्वाचा आहे, कारण शंभर मायक्रॉनहून (मिलिमीटरच्या दहाव्या भागाहून) बारीक थेंब मंद वाऱ्यावरही दूर वाहून जातात, तर फार मोठे थेंब पानावर टिकत नाहीत.

यात एक बारकावा आहे, तो मला फार आवडतो. वैमानिकाच्या बाजूने पाहता प्रोपेलर उजवीकडे फिरत असेल, तर त्याचा झोत विमानाच्या पोटाखालचे थेंब उजवीकडून डावीकडे ढकलतो आणि मधल्या पट्ट्यात एका बाजूला औषध कमी पडते. यावर उपाय म्हणून उजवीकडे काही नोझल (फवारणीच्या तोट्या) वाढवतात आणि डावीकडची काही बंद करतात. म्हणजे नळीवरच्या तोट्या मुद्दामच विषम लावलेल्या असतात.

प्रश्न : या विमानांच्या बाजूचे पत्रे निघतात, ते कशासाठी?

उत्तर : धुण्यासाठी. रसायने आणि खते सांध्यांत साचून धातू खातात, म्हणून आतला सांगाडा पोलादी नळ्यांचा करतात आणि पत्रे काढून तो पाण्याने धुता येईल व तपासता येईल अशी सोय ठेवतात.

प्रश्न : इतके काम असेल, तर जेट विमान का वापरत नाहीत?

उत्तर : वापरून झाले आहे. सोव्हिएत संघाच्या आंतोनोव्ह एएन-२ या १९४७ मध्ये उडालेल्या विमानाला पर्याय म्हणून पोलंडने एम-१५ बनवले. जेट इंजिन, दुहेरी पंख आणि त्या दोन पंखांच्या मधोमध उभ्या टाक्या, असे हे विमान १९७३ मध्ये उडाले. मात्र शेतावरून संथ उडताना जेट इंजिन इंधन फार खाते, आणि ते जास्त वेगाने उडवावे, तर फवारणी नीट होत नाही. एम-१५ जुन्या एएन-२ची जागा घेऊ शकले नाही.

खरे उत्तर टर्बोप्रॉपने, म्हणजे प्रोपेलर फिरवणाऱ्या टर्बाइन इंजिनाने दिले. तितक्याच ताकदीच्या जुन्या पिस्टन इंजिनापेक्षा ते बरेच हलके असते, शिवाय प्रोपेलरच्या पात्यांचा कोन उलटा करून आखूड धावपट्टीवर विमान लवकर थांबवता येते. लेलँड स्नो यांच्या एअर ट्रॅक्टर कंपनीचे एटी-८०२ हे विमान या इंजिनाच्या जोरावर सुमारे तीन हजार लिटर द्रावण नेते. आधुनिक फवारणी विमानांचे नाक इतके लांबलचक दिसते तेही याचमुळे, कारण हलक्या इंजिनाने तोल साधायचा, तर ते आणखी पुढे न्यावे लागते.