२०१९ च्या एलएसयूची (लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीच्या अमेरिकन फुटबॉल संघाची) कमाल कुणाची: क्वार्टरबॅकची (पास फेकून आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूची) की आक्रमणाच्या पद्धतीची?

दोघांची, पण मी क्वार्टरबॅक जो बरोच्या पारड्यात थोडं जास्त टाकेन. २०१८ मध्येही तोच क्वार्टरबॅक होता; टचडाउन (गोल रेषेपलीकडे नेऊन गुण मिळवून देणारे) पास १६. पुढच्या वर्षी ६०! मधे न्यू ऑर्लिन्स सेंट्स या व्यावसायिक संघाकडून प्रशिक्षक जो ब्रेडी आला आणि पाच जणांना पाससाठी मैदानभर पसरवणारी पद्धत रुजली. जमार चेस, जस्टिन जेफरसनसारखे झेलणारे असले की कुणीही चमकेल, असं वाटतं खरं. पण ७६ टक्क्यांहून जास्त पास पूर्ण होणं नुसत्या पद्धतीने जमत नाही. म्हणून क्वार्टरबॅक जोखताना मी पासने मिळवलेल्या एकूण यार्डांना फारसा भुलत नाही (दुबळ्या संघांविरुद्ध ते फुगतात). तिसऱ्या डाउनला (चारपैकी तिसऱ्या प्रयत्नात) पॉकेट, म्हणजे त्याच्याभोवतीचं सहकाऱ्यांचं संरक्षक कडं, कोसळताना त्याची नजर कुठे असते ते बघा: रिसीव्हरवर (पास झेलणाऱ्यावर) की अंगावर येणाऱ्यांवर?