झाडं तर जागची हलत नाहीत, मग बदलत्या हवामानाशी जंगलं जुळवून कशी घेतात?

झाड हलत नाही, पण जंगल हलतं. फक्त फार हळू. वाऱ्याने किंवा पक्ष्यांच्या पोटातून बिया थोड्या पुढे जाऊन पडतात, थंड बाजूची रोपं टिकतात, उष्ण बाजूची मरतात, आणि पिढ्यान्‌पिढ्या अख्खं जंगल डोंगरावर किंवा ध्रुवांच्या दिशेने सरकतं. शेवटच्या हिमयुगानंतर असंच झालं, पण तेव्हा हाताशी हजारो वर्षं होती. आता घाई आहे, खरी अडचण तिथेच.

तोवर एकेकटं झाड काय करतं? हवा कोरडी आणि तापलेली असली की पानांवरची पर्णरंध्रं मिटून घेतं. पाणी वाचतं, पण कार्बन डायऑक्साइडही त्याच छिद्रांतून आत येतो, त्यामुळे अन्न बनवणं मंदावतं. म्हणजे तहान सोसायची की भूक, एवढीच निवड. छिद्रं उघडी ठेवली आणि मुळांना पाणी मिळालं नाही, तर खोडातल्या बारीक नळ्यांत हवेचे बुडबुडे अडकतात आणि झाड शेंड्याकडून वाळत येतं.

शत्रूही बदलतात. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात पाइनच्या सालीखाली वाढणाऱ्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या पूर्वी उणे ४० अंशांच्या आसपासच्या थंडीत मरायच्या. हिवाळे सौम्य झाले, अळ्या जगल्या, आणि १९९० च्या दशकाच्या अखेरीपासून लाखो हेक्टरांवरचे पाइन वाळले. तिथे आता नवी लागवड करताना थोड्या उष्ण भागातलं बियाणं वापरतात. जंगलाच्या सरकण्याला माणसाने दिलेला हा धक्काच म्हणायचा!