झोपलो तर हृदय कोण चालवणार?

दुसरीतला एक मुलगा, सात वर्षांचा. आई घेऊन आली कारण पंधरा दिवस झाले रात्री छातीवर हात ठेवून जागाच राहतो. वर्गात शरीराचा धडा झाला होता, हृदय एक सेकंदही थांबत नाही, थांबलं तर माणूस मरतो, एवढंच त्याच्या डोक्यात बसलं. आई म्हणाली, मॅडम, एवढ्या लहान वयात हे शिकवायलाच नको ना? खूप पालक मला हेच विचारतात.

मी आधी विचारलं छातीत दुखतं का, चक्कर, खेळताना दम लागतो का, कारण तसं काही असेल तर आधी डॉक्टर. तसं काहीच नव्हतं. मग त्याला कागद दिला, शरीराच्या आत काय काय आहे काढ म्हटलं. पत्त्यातल्या बदामासारखं एकच हृदय, मधोमध, आजूबाजूला काहीच नाही! आता सांगा, असं एकटं लटकलेलं हृदय घेऊन कोणाला झोप येईल?

म्हटलं मूठ वळ, साधारण एवढं असतं तुझं हृदय. बरगड्या चाचपायला लावल्या, हा त्याचा पिंजरा. मग कागदाची सुरळी केली (१८१६ मध्ये लेनेक नावाच्या डॉक्टरने अशाच सुरळीने पेशंटचे ठोके ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप आला) आणि आईच्या छातीला लावून ऐकायला दिली. चेहरा बघण्यासारखा होता त्याचा. मग त्याचे ठोके मोजले, बसून मिनिटाला ९०, वीस उड्या मारल्यावर कितीतरी जास्त. विचारलं, वाढव म्हणून तू सांगितलंस का? नाही म्हणाला. मग सांगितलं की हृदयातच वरच्या उजव्या कप्प्यात एक जागा असते, तिथून सिग्नल निघतो, तू आईच्या पोटात होतास तेव्हापासून, झोपेत फक्त जरा सावकाश.

"मग कधीच नाही थांबणार?" इथे खोटं बोलू नका. मी म्हटलं थांबतं, बहुतेक वेळा खूप म्हातारपणी, कधी मोठ्या आजारात, पण झोपल्यामुळे नाही. आईला बाजूला घेऊन सांगितलं, त्याने विचारलं की "असलं बोलू नये" म्हणून गप्प करू नका, अर्धवट माहितीनेच तो जास्त घाबरला होता.

घरचा अभ्यास एकच, आई झोपली की सुरळी लावून ऐकायचं.

पुढच्या वेळी दारातूनच ओरडला, "मॅडम, आई घोरत होती तरी चालू होतं!" त्या आठवड्यात दोनदाच जागा राहिला होता.