विदर्भातल्या खेड्यांत खरेदीची पद्धत काळानुसार कशी बदलली?

माझ्या मते खरा बदल दुकानांपेक्षा पैसा हातात येण्याच्या वेळेत झाला.

पूर्वी पैसा कापसासोबत यायचा. वर्षभर किराणा दुकानदाराच्या वहीत उधारी लिहिली जायची, दिवाळीनंतर कापूस विकला की ती फिटायची. उधारीवर घेणाऱ्याला भावात घासाघीस करता येत नसे, हे विसरू नये. मजुरी बरेचदा ज्वारीत मिळे. वेचणीच्या दिवसांत बायका ओटीतला थोडा कापूस देऊन तेल, मीठ, गूळ आणायच्या. सुतार, न्हावी यांना खळ्यावरच धान्य दिलं जाई. 1972 मध्ये राज्याची कापूस एकाधिकार खरेदी सुरू झाली, म्हणजे कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, आणि लोक चुकाऱ्याची (विकलेल्या कापसाच्या पैशांची) वाट पाहू लागले. तो मिळाला की लुगडी, भांडी, पोरीच्या लग्नाचा बस्ता.

बाकी सगळं आठवडी बाजारात. तो आजही भरतो, कारण कित्येक गावांत मजुरांचा हिशेब बाजाराच्या दिवशीच होतो.

2016 मध्ये यूपीआय आलं. आता भाजीवालीच्या पालाजवळही क्यूआर कोड दिसतो (मेळघाटात मात्र रेंज असेल तरच उपयोग), आणि साड्या-चपला पार्सलने घरी येतात.

पण कृषी केंद्रातली खरेदी फारशी बदललेली नाही. पेरणीच्या तोंडावर हातात रोख नसते, म्हणून बियाणं, खत, फवारणीचं औषध अजूनही उधारीवर उचललं जातं. तिथे रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा. मोबाइलवर दहा दुकानांचे भाव दिसत असूनही त्या शेतकऱ्याला उधार देणाऱ्याकडेच जावं लागतं.