एजंटला दराआधी खोलीचं विचारा

प्रश्न: मी आणि पत्नी, दोघंही निवृत्त शिक्षक. या हिवाळ्यात मुंबईहून लक्षद्वीपला जाणाऱ्या क्रूझवर जायचं मनात आहे, आणि जमलं तर पुढे कधीतरी सिंगापूरहून. सोबत माझी मेहुणी येईल, ती एकटीच असते. पत्नीचे गुडघे दुखतात. पुण्यातला मुलगा म्हणतो, ‘ऑनलाइन बुक करा, एजंटला कमिशन कशाला द्यायचं?’ इथल्या एका एजंटाने ‘माणशी अमुक रुपयांपासून’ अशी जाहिरात दाखवली. काय करावं?
– एक वाचक, विश्रामबाग, सांगली

उत्तर: सर, आधी कमिशनचं सांगते. साताऱ्यात पोवई नाक्याजवळ माझं ट्रॅव्हलचं काउंटर होतं, तिथेही हा प्रश्न रोज यायचा. एजंटचं कमिशन क्रूझ कंपनी देते. कंपनीच्या साइटवरचं भाडं आणि एजंटकडचं भाडं बहुतेक वेळा सारखंच असतं. काही जण वर सर्व्हिस चार्ज लावतात, तो आधीच विचारून घ्या. तुमच्यासारख्या तिघांनी, त्यातही गुडघ्यांचा प्रश्न असताना, चांगला एजंट धरावा असं मला मनापासून वाटतं.

पण त्याच्याकडून नेमकं काय काढून घ्यायचं, ते महत्त्वाचं. ‘माणशी अमुक रुपयांपासून’ हा दर एका खोलीत दोघं राहतील असं धरून, आणि बहुधा खिडकी नसलेल्या आतल्या खोलीचा असतो. त्यावर पोर्ट चार्जेस, जीएसटी आणि कर्मचाऱ्यांसाठी माणशी, रात्रीमागे घेतली जाणारी टिप चढते. म्हणून कागदावर सगळं धरून एकूण आकडा मागा.

आता मेहुणीबाईंचं. त्यांना वेगळी खोली घेतली तर एकटीला जवळपास दोघांचं भाडं पडेल. तिघांची एकच खोली स्वस्त पडते, कारण तिसऱ्या माणसाचा दर कमी असतो. मात्र तिसरा पलंग बहुतेक खोल्यांत भिंतीतून किंवा छतातून खाली ओढायचा असतो आणि त्याला शिडी असते. रात्री बाथरूमला उठायचं म्हणजे अंधारात, हलत्या जहाजावर ती शिडी उतरायची. हे चित्र डोळ्यांपुढे आणून मग पैशांचा हिशोब करा. तिसरा बेड खाली सोफ्याचा होतो का, हे एजंटने कंपनीला फोन करून विचारलं पाहिजे. जो म्हणेल ‘काळजी करू नका, सगळं होतं’, त्याच्याकडून उठा.

खोलीचा नंबर बुकिंगच्या वेळीच घ्या. ‘गॅरंटी केबिन’ नावाचा स्वस्त प्रकार असतो. त्यात खोली कंपनी ठरवते, तीही उशिरा. कोरेगावच्या एका कुटुंबाला दुसऱ्या एका एजंटाने ते न सांगता तशी दिली होती. आजी-आजोबा एका टोकाला, नातवंडं दुसऱ्या टोकाला आणि मधे सगळा लांबलचक कॉरिडॉर! तुम्ही खालच्या डेकवर (म्हणजे जहाजाच्या खालच्या मजल्यावर), जहाजाच्या मधोमध, लिफ्टपासून चार पावलांवर खोली मागा. मध्यभागी आणि खाली जहाज कमी डुलतं. डेकचा नकाशा समोर ठेवूनच नंबर ठरवा. वर नाचाचा हॉल आला तर रात्रभर डोळा लागणार नाही.

लक्षद्वीपबद्दल एक गोष्ट जाहिरातीत ठळक नसते. मोठं जहाज बेटाला लागत नाही. ते खोल पाण्यात थांबतं आणि प्रवाशांना लहान बोटीतून नेतात. लाटेवर बोट वरखाली होत असताना कर्मचाऱ्याचा हात धरून पाय टाकायचा असतो. तुमच्या पत्नींना ते झेपेल का, हे त्यांच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा. समुद्र खवळला तर कॅप्टन उतरणं रद्द करतो, आणि त्यासाठी सहसा भाडं परत मिळत नाही. पावसाळा टाळून हिवाळा निवडलात हे योग्यच केलंत. बेटावर जायला परवाना लागतो, तो कोण काढून देणार हेही एजंटला विचारा.

पैसे फर्मच्या खात्यावर भरा, कुणाच्या वैयक्तिक गुगल पेवर नको. पावतीबरोबर क्रूझ कंपनीचा बुकिंग नंबर मागा आणि कंपनीच्या ग्राहक सेवेला स्वतः फोन करून तो तपासा. रद्द केल्यास किती दिवस आधी किती कापणार, तेही लेखी हवं. एजंटकडून बुकिंग झालं की बदल आणि परतावा सहसा त्याच्यामार्फतच होतो, कंपनी तुमच्याशी थेट व्यवहार करत नाही. म्हणून रात्रीसुद्धा फोन उचलणारा माणूस बघा. ऑफिस कितीही चकचकीत असो, त्याला अर्थ नाही.

सिंगापूरच्या वेळी पासपोर्टची मुदत किमान 6 महिने उरलेली हवी आणि व्हिसा अनेक वेळा प्रवेशाचा हवा, कारण जहाज दुसऱ्या देशात जाऊन परत सिंगापूरलाच येतं. परदेशी टूरवर एजंट टीसीएस, म्हणजे बुकिंगच्या वेळीच आगाऊ वसूल होणारा आयकर, घेतो. त्यासाठी पॅन नंबर द्या, ती रक्कम आयकर विवरणपत्रात वळती होते. प्रवास विमाही काढा, जहाजावरच्या डॉक्टरांचं बिल वेगळं येतं.

मुंबईला महालक्ष्मी एक्सप्रेसने जाणार असाल तर जहाजाच्या आदल्या दिवशीच पोहोचा. गाडी लेट झाली म्हणून जहाज थांबत नाही. बॅलार्ड पिअरला, म्हणजे मुंबईच्या क्रूझ धक्क्यावर, मोठ्या बॅगा टर्मिनलवर ताब्यात घेतात, त्या खोलीत यायला काही तास लागतात. पत्नींच्या गोळ्या, गुडघ्याचा पट्टा आणि तिघांची ओळखपत्रं हातातल्या पिशवीतच ठेवा.