सरकारी बँकेत क्लार्क म्हणून निवड झाली आहे, पोस्टिंग शहाद्याला (जि. नंदुरबार). शाखेतलं वातावरण कसं असतं?

सर्वप्रथम अभिनंदन. तुम्ही विचारलंय की मोठ्या बँकेच्या शाखेत माणसं कशी वागतात, टार्गेटचा ताण खरंच एवढा असतो का, मॅनेजर त्रास देतात का आणि प्रोबेशनचे सहा महिने कसे काढायचे. तुमच्या क्रमाने उत्तर देत नाही. जे आधी कळायला हवं ते आधी सांगतो.

खान्देशातली शाखा घरासारखी असते. पहिल्याच आठवड्यात तुम्ही कुणाचे तरी भाऊ किंवा ताई होता, दफ्तरी, म्हणजे कागदपत्रं सांभाळणारे शिपाई, आप्पा असतात, जुने कॅशियर नाना असतात. दुपारी डबे उघडले की कळण्याची भाकरी आणि भरीत सगळ्यांचं. ही आपुलकी खरी आहे, तिच्यावर शंका घेऊ नका. पण नव्या माणसाची नोकरी अडचणीत येते तीही बहुतेक वेळा याच आपुलकीतून. "भाऊ, तुझा पासवर्ड सांग ना, तेवढी एंट्री टाकून घेतो" हे वाक्य तुम्हाला पहिल्या महिन्यातच ऐकू येईल.

बँकेची सगळी व्यवस्था दोन माणसांवर उभी आहे. एक जण एंट्री टाकतो, दुसरा व्हाउचर, म्हणजे त्या व्यवहाराची स्लिप, बघून पास करतो. ठरलेल्या मर्यादेपर्यंतचे व्यवहार क्लार्क एकटा करतो, त्यापुढे ऑफिसर लागतोच. गर्दीच्या दिवशी ऑफिसर जेवायला उठला की पासवर्ड हॉलभर ऐकू येईल असा सांगितला जातो, नाहीतर कीबोर्डखालच्या चिठ्ठीवर लिहिलेला असतो. पुढे दोन वर्षांनी त्या खात्यातून पैसे गेल्याची तक्रार आली, तर चौकशीत एवढंच दिसतं की आयडी कुणाचा, संगणक कुठला, वेळ किती. कुणी कुणाला भलेपणाने मदत केली, हे सिस्टीममध्ये कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून कामाला नाही म्हणू नका, पासवर्डला नाही म्हणा. "आयडी माझा आहे, मीच येऊन टाकतो" असं म्हणून उठा, व्हाउचर हातात घ्या, सही जुळवा आणि मग एंट्री टाका. दोन-चार दिवस तोंडं वाकडी होतील, नंतर तुम्हाला कुणी विचारणार नाही. जागेवरून उठताना विंडोज आणि एल ही दोन बटणं एकदम दाबायची, स्क्रीन लॉक होते. पाण्याला जाताना सुद्धा.

नव्या क्लार्कला बहुधा कॅश काउंटर मिळतोच, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर. समजा पपईच्या व्यापाऱ्याने पाचशेची चार पाकिटं काउंटरवर ठेवली. एका पाकिटात 100 नोटा, म्हणजे 50,000; एकूण 2,00,000. ठरलेल्या मर्यादेपुढच्या रोख भरण्याला पॅन लागतो, नसेल तर त्याऐवजीचा फॉर्म. पाकिटावर दुसऱ्या बँकेची कागदी पट्टी आहे म्हणून विश्वास ठेवायचा नाही. पट्टी काढा, त्याच्या डोळ्यांसमोर मशीनमधून दोनदा मोजा. साधं मशीन फक्त नोटा मोजतं, किंमत नाही; पाचशेत दोनशेची एक नोट असली तरी ते 100 च दाखवतं. म्हणून मोजण्याआधी पाकिटाची कड बोटाने फिरवून रंग बघून घ्यायचा. स्लिपच्या मागे कुठल्या किती नोटा ते लिहा, मगच शिक्का आणि सही. भरणा असेल तर आधी मोजणी, मग एंट्री. पैसे द्यायचे असतील तर आधी एंट्री, मग नोटा. हा क्रम उलटला की संध्याकाळी शॉर्ट येते, म्हणजे रोख कमी भरते.

शॉर्ट आली तर साधारणपणे त्याच दिवशी कॅशियरने भरायची असते आणि जास्त निघालेली रक्कम बँकेच्या त्यासाठीच्या खात्यात जमा करायची असते. आज जास्त आलेले 500 उद्याच्या कमतरतेसाठी ड्रॉवरमध्ये ठेवणं हा थेट गुन्हा धरला जातो, मग सल्ला कितीही जुन्या माणसाने दिलेला असो. स्वतःच्या खिशातली रक्कम सकाळी रजिस्टरला लिहून मगच केबिनमध्ये बसा. फरक शोधायची एक युक्ती आहे. फरकाला 9 ने भाग जात असेल तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते: 5,400 च्या जागी 4,500 टाकले की फरक 900. फरकाच्या बरोबर निम्म्या रकमेचं व्हाउचर सापडलं तर जमेच्या जागी नावे पडलं आहे का ते बघा. हे दोन्ही तपासल्याशिवाय खिशात हात घालू नका.

बनावट नोट ओळखीच्या माणसाची असली तरी परत द्यायची नाही. शिक्का मारून जप्त करायची आणि पावती द्यायची. एका व्यवहारात चारपर्यंत असतील तर महिन्याअखेरीस पोलिसांना एकत्रित अहवाल जातो, पाच किंवा जास्त असतील तर एफआयआर. "जाऊ दे, आपलाच माणूस आहे" म्हणून नोट परत केली तर ती चलनात आणल्याचा ठपका तुमच्यावर येतो.

आता टार्गेट. हो, असतं. सकाळी व्हिडिओ कॉन्फरन्स, दिवसभर व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि रात्री आठनंतर "आजचा आकडा?" असा मेसेज. मॅनेजर चिडचिड करतात तेव्हा ती बरीचशी क्षेत्रीय कार्यालयातून खाली आलेली असते. क्लार्कच्या वाट्याला मुख्यतः विम्याच्या योजना येतात: प्रधानमंत्री जीवनज्योतीचे (आयुर्विमा) वर्षाला 436 रुपये, सुरक्षा विम्याचे (अपघात विमा) 20. दोन्हींचं संरक्षण 2 लाखांचं आहे. पहिली घ्यायला वय 18 ते 50 लागतं, दुसरीला 18 ते 70. योजना चांगल्या आहेत, मी त्या मनापासून सांगेन. चूक होते ती आकडा गाठायला सहीशिवाय पैसे कापण्यात. हप्ता दरवर्षी मेअखेरीस आपोआप जातो आणि जूनमध्ये सातपुड्यातून जीपने आलेली बाई विचारते, माझे 436 कुठे गेले? त्या वेळी काउंटरवर तुम्ही बसलेले असता. फॉर्मवर सही किंवा अंगठा घेतल्याशिवाय, आणि पैसे दरवर्षी कापले जातील हे तिच्या बोलीत सांगितल्याशिवाय एंट्री टाकू नका. आकडा कमी पडला तर बोलणी बसतील. संमतीशिवाय कापलेल्या पैशांची तक्रार मात्र तुमच्या नावाने राहते.

भाषेवरून आठवलं. शहाद्यात प्रमाण मराठीवर भागणार नाही. अहिराणी, गुजरी, पावरी, भिली, सगळं कानावर पडेल. "पैसा उनात का?" (पैसे आले का?) हा प्रश्न तुम्ही दिवसातून पन्नास वेळा ऐकाल, विशेषतः लाडकी बहीणचा हप्ता पडला की. पैसे आले नसतील तर "आले नाहीत, पुढची" असं म्हणू नका. अनुदान आधार शेवटी ज्या बँकेशी जोडलं गेलं त्या खात्यात जातं. आधी दुसरीकडे खातं आहे का विचारा, आधार जोडणी कुठल्या बँकेत दिसते ते तपासा आणि बँकेचं नाव कागदावर लिहून द्या. दोन मिनिटांचं काम आहे, त्यात तिची दिवसाची मजुरी वाचते. मार्चअखेर आणि जूनमध्ये पीककर्जाची गर्दी असते. केंद्र आणि राज्याची सवलत मिळून 3 लाखांपर्यंतच्या पीककर्जाला मुदतीत फेडल्यास व्याज लागत नाही, मुदत चुकली की सवलत जाते. त्यामुळे काउंटरवरून "होऊन जाईल, काळजी करू नका" असं कधीच म्हणू नका. शेवटची तारीख सांगा.

शाखा चांगली आहे की नाही, हे मी चहापाण्यावरून ठरवत नाही. तिजोरी बंद होताना दोन्ही किल्लीवाले स्वतः उभे असतात का, सीट, म्हणजे कामाच्या जागा, आलटूनपालटून फिरतात का, रजा सिस्टीममध्ये टाकली की मंजूर होते का, हे बघतो. कुणी वर्षानुवर्षं एकाच सीटवर आहे, रजाच घेत नाही आणि त्याच्याशिवाय काम अडतं असं सगळे कौतुकाने सांगत असतील, तर सावध राहा. संवेदनशील जागेवरच्या कर्मचाऱ्याला वर्षातून एकदा सलग किमान 10 कामाचे दिवस, आगाऊ न सांगता, रजेवर पाठवायचं असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे तो याच कारणासाठी. तुमच्या वर्षाच्या 12 किरकोळ रजा तोंडी घेऊ नका; "उद्या येऊ नको, मी बघतो" याला हजेरीत काही अर्थ नसतो.

तुम्ही बाई आहात की पुरुष हे प्रश्नात नाही, पण हे सगळ्यांनाच माहीत हवं: लैंगिक छळाची तक्रार 2013 च्या कायद्याप्रमाणे घटनेपासून तीन महिन्यांत लेखी द्यायची असते. शाखा लहान असेल तर ती वरच्या कार्यालयाच्या अंतर्गत समितीकडे जाते. मॅनेजरची परवानगी लागत नाही. समितीच्या सदस्यांची नावं कार्यालयात लावणं बंधनकारक आहे; ती दिसली नाहीत तर वरच्या कार्यालयाकडून मागून घ्या.

रुजू झाल्यावर पहिल्या आठवड्यात तीन नंबर वहीत लिहून घ्या: क्षेत्रीय कार्यालयातला सिस्टीमवाला, लिंक (नेटवर्क) गेल्यावर लावायचा हेल्पडेस्क आणि एटीएमची तक्रार घेणारा. कुठलीही सीट किंवा किल्ली घेताना आणि देताना रजिस्टरवर तारीख, वेळ आणि दोघांच्या सह्या झाल्या पाहिजेत. समोरचा कितीही घाईत असला तरी.